मोकळ्या जनरेटरवरचं गाणं

वामनभाऊ, तू गेल्याचं मला गिऱ्हाइकानं सांगितलं. स्टीलच्या डब्याचं झाकण नीट बसतं का, ते पाहत पाहत ती बाई म्हणाली, "तो लाउडस्पीकरवाला वामन गेला म्हणे काल. तुमच्या वळखीचा होता ना?" मी म्हटलं, होता. मग तिनं डब्यावरून घासाघीस सुरू केली आणि मी तिच्या पहिल्याच बोलीला डबा देऊन टाकला. वणीच्या बाजारात इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. तुझ्यासाठी माझं रडणं म्हणशील तर ते एवढंच. जास्त मागू नको.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून बसले. लोक एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. कष्टाळू म्हणाले, ते खरं आहे. शांत म्हणाले, तेही चालेल. एकजण मनमिळाऊ म्हणाला तेव्हा मात्र मला उठून विचारावंसं वाटलं, की मनमिळाऊ माणूस दहा वर्षं एका बाईच्या दुकानासमोर आला की रस्ता ओलांडतो का? तेही मे महिन्यात, पलीकडच्या बाजूला हातभर सावली नसताना? तू उन्हातून जायचास आणि मी काउंटरवरून पाहायची. मनात म्हणायची, जळ. तूही काही तरी म्हणतच असशील.

तुझी-माझी ओळख कशी झाली ते या लोकांपैकी कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यावर भांड्यांची टोपली होती. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. सकाळी वणीतून निघायची आणि राजूरच्या खाणीच्या क्वार्टरांत दारोदार हिंडायची. नवरा घरी होता, पण तो नसल्यासारखाच. दोन पातळं आणि एक पँट आणली तर वाटी, जरीचं लुगडं आणलं तर डबा. जरीत किती चांदी आहे ते मला लांबून कळायचं. एक दिवस बदली होऊन चाललेल्या एका खाणकामगाराच्या बायकोनं कपड्यांऐवजी पुठ्ठ्याचं खोकं पुढे केलं. आत गाण्याचे तवे. रेकॉर्डला आपल्याकडे तवाच म्हणायचे. पण हे लहान, ताटलीएवढे होते. मी तिला एका तव्याला एक चमचा दिला आणि वाटेत स्वतःलाच शिव्या घातल्या, की ह्या काळ्या चकत्या आता कोण घेणार?

बसस्टँडच्या मागे तुझं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक प्लेअर आणि तू. खोकं उघडलंस आणि तुझा चेहरा पाहून मी मनातल्या मनात भाव दुप्पट केला.

"कुठून आणले वं हे?"

"कुठून का आणीन. घ्यायचे तं घे."

"मोठे नाई न आणले?"

"मोठे पाहिजेत?"

"नको, नको! लहानच पाहिजेत. मोठा दिसला तरी आणू नको."

पाच मिनिटांत तू माझ्या बोलीवर आलास. तेव्हाच मला कळलं, हा माणूस व्यापारी नाही. याला आपण पोटभर लुटू. आणि लुटलंही, खोटं कशाला बोलू? तुला एखादा तवा हवा असला की तू तो आधी खाली ठेवायचास, दुसरा उचलायचास, तिसरा उचलायचास आणि पुन्हा त्याच्याचकडे पाहायचास. तू ज्याच्याकडे पाहायचास त्याचाच भाव मी वाढवायची.

पण तूच मला तवा उन्हात तिरका धरून पाहायला शिकवलंस. चरा कुठे आहे, सुई कुठे अडकेल, ते त्या तिरक्या उजेडात दिसतं. तवा गोल गोल पुसायचा नाही, मधून बाहेर पुसायचा, हेही तूच शिकवलंस. त्यानंतर मला कोणी चरे पडलेला तवा देऊ शकलं नाही. ही विद्या तू फुकट दिलीस आणि मग त्याच विद्येच्या जोरावर मी तुला महाग विकत राहिले. तू एकदाही बोलला नाहीस. तुझी ही सवय, काही न बोलायची, तेव्हा मला फार सोयीची वाटायची.

एकदा मी तुझं न ऐकता मोठा तवा आणलाच. त्याला एक अख्खा डबा दिला होता. तू म्हणालास, "हा परातीएवढा कायले आणला?"

"ह्यात बारा गाणे हायत. तुह्या त्या चिंगळ्यात दोन."

"बारात दोनच चांगले असतात. बाकीचे भरतीचे. लहान तव्यावर जागाच नाही भरती करायले. ज्यानं गायलं, त्यानं दोनात जीव ओतला."

"मंग बाकीच्या दहाचं काय करू? मुरब्बा?"

"तुही मर्जी. मी घेत नाही."

नाहीच घेतलास. तो डबा मला अजून आठवतो.

तुझी आणखी एक रीत होती. तवा तू कोणाला उसना द्यायचा नाहीस. सख्ख्या भावालाही नाही. पण कोणी म्हटलं की अमुक गाणं ऐकायचं आहे, तर सेलवर चालणारा लहान प्लेअर सायकलच्या कॅरिअरला बांधून त्याच्या घरी जायचास. झरी जामणीकडच्या एका पाड्यावर मी टोपली घेऊन गेले होते तेव्हा तू तिथे एका कोलाम म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसलेला दिसलास. पंचवीस-तीस किलोमीटर सायकल हाणत आला होतास, एका गाण्यासाठी. गाणं संपल्यावर म्हाताऱ्यानं नुसतं बोट गोल फिरवलं. तू तवा उलटलास. येताना तुझ्या हँडलला एक भोपळा लटकत होता. मी म्हटलं, "इतक्यासाठी?" तू म्हणालास, "कॅसेट असती तं तो शेजारच्याशी बोलत बसला असता. तवा उलटवायले कोणीतरी उठावं लागते, म्हणून सारे ऐकतात."

मी तुला तेव्हा येडा म्हटलं. आता म्हणत नाही. पण तू बरोबर होतास असंही म्हणणार नाही. सगळ्यांच्या घरी सायकल मारत कोण जाणार होतं? गाणं पोचायला पाहिजे, हे माझं म्हणणं होतं. ते नीट पोचायला पाहिजे, हे तुझं. ह्यावर आपण किती चहा संपवले त्याला गणती नाही.

मग ती वर्षं आली. कापूस घराच्या आढ्यापर्यंत रचून ठेवलेला आणि खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग हलत नाही. कर्जापायी शेतकरी जीव देत आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत. लग्नं मंदिरात, विहारात उरकू लागली. कर्णे कोण बोलावणार? तुझं दुकान ओस पडलं. माझी टोपली मात्र भरली. ज्या घरांनी मला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्या घरांनी प्लेअर, रेडिओ, तव्यांची खोकी बाहेर आणून ठेवली. कपडे नव्हतेच द्यायला. मी घेतलं. मी नसतं घेतलं तर दुसऱ्या कोणी घेतलं असतं, असं मी तेव्हा म्हणायची. अजूनही म्हणते, फक्त जरा हळू.

त्यातूनच मी कॅसेटचं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी तू न बोलावता आलास. कर्णे लावलेस आणि दिवसभर फुकट वाजवलंस. कॅसेटच्या दुकानाच्या दारात बसून तवे वाजवत होतास! मी म्हटलं, "माहं गिऱ्हाईक पळवून राह्यला का बे?" आणि तू हसलास. ते हसू मी धरून ठेवलं आहे. त्यानंतरचं फारसं काही धरावं असं नाही.

आता रत्नाचं. ही गोष्ट तू सगळ्यांना सांगायचास, की तू आधी तवा घेतला आणि मग बायको. तुझी बायको रत्ना अठरा वर्षांची असताना एका गायन पार्टीबरोबर नागपूरला गेली होती. तिथे तिच्या आवाजात दोन गाणी भरली गेली. एका बाजूला जयंतीचं. दुसऱ्या बाजूला एका मायचं, जी रोज रात्री आपल्या पोरीची पाटी पुसून ठेवते. एवढाच एक लहान तवा. तू तो ऐकलास आणि गावाचं नाव विचारत विचारत तिच्या बापाच्या दारात उभा राहिलास. दर जयंतीला ती विहारासमोर तीच दोन गाणी म्हणायची आणि तू ॲम्प्लिफायरमागे बसून ऐकायचास.

तिचं गाणं कॅसेटवर घ्यायची कल्पना माझी. तू आठ महिने नाही म्हणालास. शेवटी रत्नाच म्हणाली, "माह्या माहेरी तवा लावाचं मशीन नाही राह्यलं कोणापाशी. माहं गाणं माह्याच भावानं कधी घरी ऐकलं नाही." तेव्हा तू 'बरं' म्हणालास. रत्नाची दोन गाणी सुरुवातीला आणि मागे तुझ्याकडच्या इतर लहान तव्यांवरची बारा, असं ठरलं. इतर गाणाऱ्यांची परवानगी मी काढली नाही. त्या काळात कोणी काढत नव्हतं.

ती दुपार तुला आठवत असेल. मला तर तिच्याखेरीज दुसरं काही आठवतच नाही सध्या. जयंतीला पंधरा दिवस राहिले होते. दुकानात टेपडेक लावला, तुझा प्लेअर लावला आणि लाईन गेली.

"चार वाजता येते. थांब तंवर," तू म्हणालास.

"चार वाजता माहा माणूस नागपूरच्या गाडीत पाहिजे. कॅसेटा छापून कधी येतीन मंग? जयंती झाल्यावर? तुह्या घरी जनरेटर हाय ना?"

"हाय."

"मंग आणत काहून नाही?"

आणलास. आवाज आत येऊ नये म्हणून दुकानाच्या मागच्या गल्लीत ठेवलास आणि लांब वायर ओढलीस. पंखा आणि ट्यूबलाइट मी बंद करायला लावली, त्यांची घरघर कॅसेटमध्ये उतरू नये म्हणून. घामानं आपण निथळत होतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्यात तू मान वर केलीस.

"जरा पळून राह्यलं का वं हे?"

"कान धुवून ये."

"नाही, पळून राह्यल्यासारखं..."

"वामनभाऊ, गाडी पळून जाईन तिकडे. तू सुईकडे पाय."

तेवढ्यात रत्ना चहा घेऊन आली. दारात उभी राहून तिनं स्वतःचा आवाज ऐकला आणि लाजली. म्हणाली, "मायबाई! किती कोवळी वाटून राह्यली मी." आपण तिघंही हसलो. चौदा गाणी उतरली आणि माणूस गाडीत बसला.

कॅसेट चालली. तशी कॅसेट मी पुन्हा कधी विकली नाही. राजूरच्या क्वार्टरांत, वणीच्या सगळ्या वस्त्यांत, टेम्पोत, पानठेल्यावर रत्नाचा आवाज. त्या जयंतीला घराघरांत नवी कॅसेट वाजत होती, पण स्टेजवर रत्ना तिच्या जुन्या पेटीवाल्याबरोबर गायली. त्या वर्षी काही झालं नाही. झालं ते पुढच्या वर्षी.

जुना पेटीवाला आजारी होता म्हणून मंडळानं बाहेरून दुसरा आणला. त्यानं कॅसेट ऐकून गाणं बसवलं होतं. रत्ना आयुष्यभर काळी चारमध्ये गात आली. त्यानं कॅसेटच्या हिशेबानं पांढरी सहा धरली. एक पट्टी वर. तिला वाटलं, असेल आपलंच काहीतरी चुकत. सुरुवात निभावली. अंतऱ्यात वर चढायची वेळ आली आणि आवाज फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा चढली, पुन्हा फाटला. समोर बसलेल्या बायकांना एक वर्षात कॅसेट तोंडपाठ झालेली. कोणीतरी म्हणालं, ही बाई ती नाहीच, कॅसेटवाली दुसरी आहे. मग मागून ओरडा सुरू झाला, "कॅसेट लावा! कॅसेट!" मंडळाचा माणूस तुझ्या मशीनपाशी आला आणि त्यानं बटण दाबलं. रत्ना अजून माइकसमोर उभी होती. तिच्या अंगावर तिचाच आवाज सोडला, वामनभाऊ, आणि तू त्या माणसाचा हात धरला नाहीस. मी वाट पाहत होते. तू हात धरला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भरबाजारात माझ्या दुकानासमोर आलास.

"तू गळा कापला तिचा, इंदूबाई."

"मी काय केलं?"

"तुह्या नागपूरच्या लोकाईनं काय गडबड केली थे मले माहीत नाही. पण त्या कॅसेटीतला आवाज तिचा नाही. तू विकला खोटा आवाज."

मला खोटी म्हटलेलं मी सहन करत नाही. टोपली डोक्यावर असतानाही केलं नाही. मी काउंटरवरून खाली उतरले. आजूबाजूची दुकानं ऐकत होती आणि मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "आवाज तिचाच हाय, वीस वर्षांपहिलेचा. तुह्या बायकोचा गळा म्हातारा झाला, वामनभाऊ. माह्या कॅसेटीले कायले दोष देतं?"

तू वळलास आणि गेलास. त्या दिवसापासून रस्त्याची पलीकडची बाजू तुझी.

बाजारात माझं नाव 'गळाकापू' पडलं. लग्नाच्या बैठकीत, भाजीच्या रांगेत, "त्या गळाकापूच्या दुकानातून आणलं का?" माझी धाकटी ज्या घरात द्यायची होती तिथेही ते पोचलं होतं. दहा वर्षं मी ते ऐकलं आणि दहा वर्षं तुझ्यावर दात खाल्ले. मग सीड्या आल्या, एकेका सीडीत दीडशे गाणी, आणि माझ्या कॅसेटी कोणी फुकट नेईना. तेव्हा वाटलं होतं तू येशील, निदान हसायला येशील. म्हणशील, पाय, तुहाही तवा झाला. नाही आलास. मी पुन्हा भांडी मांडली. रत्नाची ती कॅसेट मात्र लोकांनी सीडीत घातली, आता पोट्टे मोबाइलमध्ये भरून हिंडतात. तशीच, पळती.

तुझ्या पुण्यानुमोदनानंतर पंधरा दिवसांनी रत्नानं मला बोलावणं पाठवलं. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या घरात पाय ठेवला. तिनं जय भीम केला, पाणी दिलं आणि पलंगाखालून खोकी ओढली.

"हे तू आणले व्हते. तूच घेऊन जाय."

"त्यानं सांगितलं व्हतं का, मले द्यायले?"

"त्यानं काही नाही सांगितलं. मले नको घरात."

मी सवयीनं एक एक तवा खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहत होते. एकावरही नवा चरा नव्हता. रत्नाच्या तव्याच्या कव्हरात कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं होतं. त्या जयंतीच्याच वर्षाचं, मे महिन्याचं. मागच्या कोऱ्या बाजूला तुझं अक्षर. लाईनवर, तीन मिनिटं बारा सेकंद. जनरेटर, ट्यूबलाइट-पंखे लावून, तीन बारा. जनरेटर मोकळा, तीन मिनिटं एक सेकंद. इंदूबाईची कॅसेट, तीन एक. खाली काही नाही. सही नाही, शब्द नाही.

मला समजायला वेळ लागला नाही. तुझा जनरेटर मंडपात दिवे-पंख्यांचं ओझं ओढायचा तेव्हा बरोबर चालायचा. त्या दुपारी त्याच्यावर काही ओझंच नव्हतं, म्हणून तो उधळला आणि प्लेअरला घेऊन पळाला; तवा जोरात फिरला की सूरही वर चढतो. नागपूरच्या लोकांनी काही केलं नव्हतं. कॅसेटनं काही केलं नव्हतं.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, तुझ्यापासून आता काय लपवायचं? जिंकले! मशीन त्याचं, सुई त्याच्या हातात, आणि नाव माझं पडलं. हे पान मी उद्या बाजारात नेते, एकेकाच्या नाकासमोर धरते. तू महिन्याभरात सगळं मोजून काढलंस आणि दहा वर्षं मला उन्हातून जाताना दाखवत राहिलास! तू समोर असतास तर मी तुला सोडलं नसतं.

तेवढ्यात रत्ना म्हणाली, "काय लिहिलं हाय थे? तवा लावून, घड्याळ धरून बसे तो. मले वाटे, डोकं फिरलं याचं."

मी तिच्याकडे पाहिलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तू हिलाही सांगितलं नाहीस.

पान घडी करून पदराला बांधलं असतं आणि खोकी उचलून निघाले असते, तर तिला कधीच कळलं नसतं. हे मी मनात तोलून पाहिलं. मी काय माणूस आहे ते तुला माहीत आहे. पण मग तिनं घसा खाकरला आणि वाटीतून ज्येष्ठमधाचा तुकडा उचलून तोंडात टाकला, अगदी सहज, जुन्या सवयीनं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. "पेटीवाल्यानं तुले कॅसेटची पट्टी दिली, रत्ना. थे तुही पट्टी नव्हतीच. कोणाचीच नव्हती. जनरेटरची व्हती."

तिनं पान माझ्या हातातून घेतलं.

"म्हणजे माह्या गळ्याले काही झालं नव्हतं?"

"नाही."

"मे महिन्यातच समजलं त्याले?"

"पान तं मेचंच हाय."

"रोज हळदीचं दूध करून देये तो मले," ती म्हणाली. "रोज. दहा वर्षं. म्हणे, घे, गळा सुधरन. मी विहारात वंदनेले बी नुसते ओठ हलवो. बाजूले बसून पाहे तो. दूध दिलं त्यानं, इंदूबाई, पण हे एक वाक्य नाही दिलं."

तुझी बाजू घ्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. घ्यायची इच्छा झाली, हेच नवल. तुला लाज वाटत असेल. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला असशील, आणि दर दिवसागणिक ते सांगणं जड होत गेलं असेल. दूध सोपं असतं. मला हे कळतं, कारण मीही तेच केलं. मला जनरेटरचं माहीत नव्हतं, पण त्या दुपारी तू दोनदा म्हणालास, पळून राह्यलं, आणि मी दोनदा तुला गप्प केलं. हे मी दहा वर्षं विसरून दाखवलं. तू एक शब्द बोलला असतास तर मी कॅसेटी परत बोलावल्या असत्या, असं मला लिहायचं होतं. लिहवत नाही. मी आधी तुझ्याशी भांडले असते, मग उरलेला माल संपू दे म्हटलं असतं.

रत्नानं डोळे पुसले नाहीत. रडलीच नव्हती ती. म्हणाली, "दीड महिन्यानं जयंती हाय. माइकवर उभी राह्यजो आन् सांगजो साऱ्याईले."

"काय सांगू?"

"लाईन नव्हती. जनरेटर त्याचा. घाई तुही. आन् म्हातारा गळा म्हणलं तू, थे बी सांग. भरबाजारात म्हणलं व्हतं ना? मंग भरसभेत सांग."

"मशीनचा दोष व्हता म्हणू."

"मशीन आपल्या पायानं चालत आलं व्हतं का?"

"अवं, गेलेल्या माणसाचं नाव कायले घ्यायचं?"

"जित्या बाईचं घेतलं तं कोणाले काही वाटलं नाही."

"आन् तू? गाशीन का मंग?"

"थे माहं मी पाहीन. तू तुहं पाय."

ती इंचभर हलली नाही. मी आयुष्यभर घासाघीस करत आले, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. म्हणाली, दोघांचीही नावं घ्यायची आणि त्याचं पहिलं, कारण तो घरचा होता, त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं. तिथे मात्र मी अडले. अर्धा तास अडले. तिनं चहा केला, तो प्यायले आणि पुन्हा अडले. म्हटलं, तो 'थांब' म्हणत होता, घाई माझी होती. म्हटलं, म्हातारा गळा हा शब्द माझा होता, त्याचा नाही. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "कर मंग तुह्या मनासारखं."

तेव्हा ठरलं ते असं, वामनभाऊ. जयंतीला माइकवर पहिलं नाव माझं घेईन. तुझं दुसरं.